कुलपती आणि निवासी

उत्तर ऱ्होडेशिया हे वसाहतीचे नाव टाकून झांबिया हे नाव धारण करणारा देश २४ ऑक्टोबर १९६४ रोजी स्वतंत्र झाला, तेव्हा तांब्याच्या खाणींनी संपन्न असलेल्या त्या विस्तीर्ण मुलखात पदवीधर म्हणून ज्यांची गणना करता येईल अशी एतद्देशीय माणसे सुमारे शंभर होती. ज्या तांब्याने लंडनमधील भागधारकांच्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या भरल्या, त्याच्या उत्पन्नातून त्या भूमीवर एकही विद्यापीठ उभे राहिले नव्हते. आणि म्हणून, सर जॉन लॉकवुड यांच्या समितीने लुसाकात विद्यापीठ स्थापावे अशी शिफारस केली व नव्या सरकारने त्यासाठी प्रजेकडे हात पसरला, तेव्हा त्या आवाहनाला मिळालेला प्रतिसाद हा केवळ फंडाचा हिशेब राहिला नाही. ज्यांच्यापाशी रोकड नव्हती अशा खेडुतांनी मका दिला, कोंबड्या दिल्या, मासे आणून दिले. आपल्या नातवाला जेथे शिकावयास मिळेलच अशी कोणतीही शाश्वती नाही त्या संस्थेसाठी निरक्षर म्हातारीने घरची कोंबडी उचलून द्यावी, यातील श्रद्धेचे मोल खजिन्याच्या वहीत कोणत्या सदराखाली मांडावयाचे, हे त्या वेळच्या कारकुनांना कळले असेल असे वाटत नाही. मार्च १९६६ मध्ये ३१२ विद्यार्थ्यांनिशी विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात राष्ट्राध्यक्ष केनेथ डेव्हिड कौंडा यांस कुलपतिपदाची वस्त्रे समारंभपूर्वक अर्पण करण्यात आली.

ती वस्त्रे परिधान करणारा पुरुष स्वतः मात्र कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. न्यासालँड या शेजारच्या वसाहतीतून धर्मप्रसारार्थ आलेले पाद्री डेव्हिड कौंडा हे त्याचे वडील, आणि त्या मुलखातील आद्य आफ्रिकी शिक्षिकांपैकी एक असलेली हेलन ही त्याची आई. चिन्सालीनजीकच्या लुब्वा येथील मिशनच्या आवारात १९२४ साली जन्मलेल्या या मुलाचे शिक्षण लुसाकाच्या मुनाली शाळेत दोन वर्षे होऊन तेथेच थांबले. पुढे त्याने मास्तरकी केली, सायकलवरून गावोगाव फिरून तेथील आफ्रिकी काँग्रेसच्या शाखा उभ्या केल्या, आणि गोऱ्या खाटकाच्या दुकानात आफ्रिकी गिऱ्हाइकांना मागच्या खिडकीतून मांस फेकले जाते हे पाहून, बहिष्काराच्या चळवळीत, मांसाहार कायमचा वर्ज्य केला. गांधींचे चरित्र व विचार यांचा त्याच्यावरील संस्कार सर्वश्रुत आहे. १९५८ साली तो हिंदुस्थानात येऊनही गेला होता. सारांश, शाळामास्तराच्या घरी जन्मलेला, शाळामास्तर म्हणून वाढलेला आणि पदवी नसल्याची खंत ज्याच्या मनात कोठे तरी दडलेली असावी असा हा मनुष्य आपल्या देशाच्या एकमेव विद्यापीठाचा कुलपती झाला. आणि पुढील दहा वर्षांच्या आत त्याच विद्यापीठाची कवाडे बंद करण्याची पाळी त्याच्यावर दोनदा आली.

पहिला प्रसंग १९७१ सालचा. फ्रान्स दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या राजवटीस शस्त्रास्त्रे पुरवीत आहे याचा निषेध म्हणून लुसाकाच्या विद्यार्थ्यांनी फ्रेंच वकिलातीवर मोर्चा नेला, पोलिसांशी त्यांची झटापट झाली आणि विद्यार्थी संघाने त्या आवेशात प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्षांवर टीका करणारे खुले पत्र प्रसिद्ध केले. ज्या राष्ट्राध्यक्षाने शेजारील मुक्तिचळवळींना स्वतःच्या राजधानीत कचेऱ्या थाटू दिल्या होत्या, त्यालाच वसाहतवादाशी नरमाईने वागल्याचा ठपका आपल्या विद्यार्थ्यांकडून ऐकावा लागावा, हे त्याला सहन झाले नाही. विद्यापीठ बंद झाले. दुसरा प्रसंग १९७६ चा. पोर्तुगीजांनी सोडलेल्या अंगोलात तीन पक्षांचे यादवी युद्ध पेटले असता कौंडा यांचा कल साविंबीच्या उनिटा पक्षाकडे होता, तर विद्यार्थ्यांचा एमपीएलए या डाव्या पक्षाकडे. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आणीबाणी आधीच पुकारली गेली होती. फेब्रुवारीत विद्यापीठाला कुलूप लागले, आणि काही विद्यार्थी व परदेशी अध्यापक अटकेत गेले. १९७२ च्या अखेरीपासून देशात एकच पक्ष कायदेशीर उरला होता, संसद त्याच पक्षाची होती, वृत्तपत्रे सरकारची. तेव्हा विरोधी शब्द उच्चारण्याजोगी जागा ग्रेट ईस्ट रोडवरील त्या आवाराखेरीज फारशी उरलीच नव्हती, आणि सरकारच्या दृष्टीने त्या आवाराचा खरा अपराध बहुधा हाच होता.

हे केवळ झांबियाचे दुर्दैव नव्हते. वसाहतीच्या अमदानीत पदवीधर इतके दुर्मिळ होते की, स्वातंत्र्यानंतरच्या विद्यार्थ्याला प्रवेशपत्राबरोबर जणू भावी सचिवपदाची सनदच मिळत असे. त्याचे जेवण सरकारी, निवास सरकारी, शिष्यवृत्ती सरकारी. आणि तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, तो स्वतःला राष्ट्राच्या सदसद्विवेकाचा मुखत्यार समजे. दार-एस-सलाम येथे ऑक्टोबर १९६६ मध्ये सक्तीच्या राष्ट्रसेवेविरुद्ध विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, तेव्हा ज्युलिअस न्येरेरे यांनी त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी बोलावून घेतले, त्यांचे सारे म्हणणे ऐकले, आणि जवळजवळ चारशे जणांची घरी रवानगी केली. मात्र त्याच बैठकीत, पगारांची भाषा निघाली आहे तर आपलाही पगार अधिक आहे असे म्हणून, त्यांनी स्वतःच्या वेतनातून वीस टक्के कपात जाहीर केली. न्येरेरे यांचा राग असा असे, की त्याची झळ त्यांना स्वतःलाही लागे. सर्वांचाच तसा नव्हता.

नायजेरियात जनरल याकुबू गोवॉन यांच्या लष्करी सरकारने १९७३ मध्ये संपावर गेलेल्या प्राध्यापकांना निर्वाणीचा इशारा दिला, की कामावर रुजू व्हा, नाही तर विद्यापीठाची घरे खाली करा. प्राध्यापक कामावर परतले. जे गृहस्थ बिऱ्हाड व पुस्तकांच्या पेट्या घेऊन रस्त्यावर यावयाच्या बेतात होते, त्यांना त्या दिवशी ही कल्पना असणे शक्यच नव्हते, की हुकूम देणारा सेनापती दोनच वर्षांनी एका परक्या विद्यापीठाच्या उपाहारगृहात हातात थाळी घेऊन रांगेत उभा राहणार आहे.

गोवॉन यांची कहाणी थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, एकाच सालात घडलेल्या दोन लष्करी बंडांच्या अंती, ऑगस्ट १९६६ मध्ये राष्ट्रप्रमुखपद त्यांच्याकडे आले. पुढल्याच वर्षी बियाफ्राचे युद्ध सुरू झाले आणि जानेवारी १९७० पर्यंत चालले. त्यात उपासमारीने व गोळीने मिळून किती माणसे दगावली याचे अंदाज लाखांच्या घरात आहेत. युद्ध संपल्यावर मात्र त्यांनी जी उदारता दाखविली ती त्या शतकात विरळा म्हणावी अशी होती: कोणी विजेता नाही, कोणी पराभूत नाही, असे जाहीर करून त्यांनी बंडखोर प्रांताच्या लोकांना फाशी वा सामुदायिक खटले यांतून वाचविले. त्यानंतर तेलाचा पैसा आला, आणि पैशाबरोबर शैथिल्य आले. लष्करी खात्यासकट सर्व खात्यांनी वारेमाप सिमेंट मागविल्यामुळे १९७५ मध्ये लागोसच्या बंदराबाहेर शेकडो जहाजे महिनोन्‌महिने नांगर टाकून तिष्ठत राहिली आणि प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी सरकार त्यांना भुर्दंड भरीत राहिले. १९७६ साली मुलकी राजवट आणण्याचे दिलेले वचनही गोवॉन यांनी ऑक्टोबर १९७४ मध्ये लांबणीवर टाकले. २९ जुलै १९७५ रोजी आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या परिषदेसाठी ते कंपालात असताना, त्यांच्याच अंगरक्षक दलाचे प्रमुख जोसेफ गार्बा यांनी रेडिओवरून त्यांच्या पदच्युतीची घोषणा केली.

यापुढील वर्तन हे त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत शांत, आणि माझ्या मते सर्वांत शोभिवंत, कृत्य होय. कंपालात जमलेल्या वार्ताहरांपुढे त्यांनी नव्या राजवटीला निष्ठा जाहीर केली, टोगोमार्गे ते इंग्लंडला गेले, आणि त्याच शरद ऋतूत कॉव्हेन्ट्रीनजीकच्या वॉरिक विद्यापीठात राज्यशास्त्राच्या पदवीसाठी त्यांनी नाव घातले. निवासी अभ्यागत म्हणून नव्हे, सन्माननीय अधिछात्र म्हणून नव्हे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांबरोबर पहिल्या वर्षाच्या वर्गात बसणारा विद्यार्थी म्हणून. सँडहर्स्टच्या लष्करी प्रबोधिनीत तयार झालेला, नऊ वर्षे आफ्रिकेतील सर्वाधिक लोकसंख्येच्या देशाचा कारभार केलेला हा चाळिशीचा माणूस जेवणाच्या रांगेत थाळी घेऊन उभा राहतो हे पाहून त्या काळी ब्रिटिश वृत्तपत्रांना मोठे कौतुक वाटले. लागोसमधील वाचकांना काय वाटले असेल, ते त्यांच्या प्रकृतीनुसार निरनिराळे असणार. ज्यांनी १९७३ चा हुकूम वाचला होता, त्यांना बहुधा कौतुकापेक्षा अन्य काही वाटले असेल.

शांतता फार काळ टिकली नाही. १३ फेब्रुवारी १९७६ रोजी लेफ्टनंट कर्नल बुका दिमका याने लागोसमध्ये बंड करून नवे राष्ट्रप्रमुख मुर्तला मुहम्मद यांचा मोटारीत खून केला, आणि त्याच सकाळी ब्रिटिश वकिलातीत जाऊन गोवॉन यांच्याशी संपर्क करून देण्याची मागणी केली. बंड काही तासांतच मोडले; परंतु त्या एका मागणीने गोवॉन यांच्यावर संशयाचे किटाळ आले. नायजेरियाने त्यांना ताब्यात मागितले, ब्रिटनने नकार दिला. त्यांचा लष्करी हुद्दा काढून घेण्यात आला, आणि आपला बंडाशी काही संबंध नाही असे वारंवार सांगत हा विद्यार्थी व्याख्यानांच्या टिपणवह्या घेऊन वर्गात जात राहिला. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष शेहू शगारी यांनी त्यांना माफी दिली. तोवर त्यांची पदवी हाती आलेली होती आणि ते त्याच विद्यापीठात प्रबंध लिहीत होते. १९८४ साली त्यांना विद्यावाचस्पती ही पदवी मिळाली.

त्या प्रबंधाचा विषय पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांचा आर्थिक समुदाय हा होता. २८ मे १९७५ रोजी, म्हणजे पदच्युतीच्या दोनच महिने आधी, ज्या करारावर लागोसमध्ये सह्या झाल्या आणि ज्याच्या शिल्पकारांत टोगोच्या एयादेमांबरोबर स्वतः गोवॉन अग्रभागी होते, तीच संस्था आता त्यांना अभ्यासकाच्या अलिप्त दृष्टीने तपासावयाची होती. आपल्याकडे पेशवाईतील एखाद्या मुत्सद्द्याने वडगावच्या तहावर स्वतःच निबंध लिहून तो परीक्षकांपुढे ठेवावा, त्यांनी संदर्भ मागावेत, आधार विचारावेत, अमुक विधान पुराव्यावाचून केले आहे असे समासात लिहावे, आणि त्याने निमूटपणे ते सुधारावे, अशी कल्पना केली म्हणजे या घटनेचे वैचित्र्य ध्यानी येईल. सत्ताधीशाच्या स्मृतीला विद्यापीठात प्रवेश देण्याचे अनेक प्रकार आहेत. परंतु त्या स्मृतीला परीक्षार्थी करून बसविण्याचा हा प्रकार मला सर्वाधिक निकोप वाटतो. विद्यार्थ्याला नापास करता येते.

अर्थात वॉरिकची हवा सर्वांनाच मानवली असे नाही. सिएरा लिओनमध्ये १९९२ साली आघाडीवरील पगार थकल्याची तक्रार घेऊन राजधानीत उतरलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी सरकारच उलथून टाकले, आणि पंचविशीतील कॅप्टन व्हॅलेन्टाइन स्ट्रासर हा त्या काळी जगातील सर्वांत तरुण राष्ट्रप्रमुख झाला. जानेवारी १९९६ मध्ये त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला उचलून शेजारच्या गिनीत नेऊन सोडले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने त्याला वॉरिक विद्यापीठात कायद्याच्या अभ्यासाची जागा मिळाली. तो अभ्यास त्याने अर्ध्यावर टाकला, आणि कालांतराने फ्रीटाऊनला परतून आईच्या घरी तो अज्ञातप्राय राहू लागला. त्याला पदभ्रष्ट करणारा ब्रिगेडिअर ज्युलिअस माडा बायो हा मात्र अवघे तीन महिने सत्तेवर राहिला, ठरल्याप्रमाणे निवडणुका होऊ दिल्या, निवडून आलेल्या कब्बा यांच्या हाती कारभार सोपविला, आणि अमेरिकेत वॉशिंग्टन येथील अमेरिकन युनिव्हर्सिटीत जाऊन आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात क्रमाने दोन पदव्या घेऊन आला. बावीस वर्षांनी, २०१८ मध्ये, तो मतपेटीच्या मार्गाने राष्ट्राध्यक्ष झाला. एकाच बंडातून वर आलेल्या दोन सैनिकांपैकी एकाला विद्यापीठ हे हद्दपारीचे ठाणे वाटले आणि दुसऱ्याला ते मधल्या काळाचे बिऱ्हाड ठरले. या भेदाचे कारण विद्यापीठांत शोधण्यात हशील नाही.

दुसरीही एक जात आहे: जे विद्यापीठातून सत्तेकडे आले आणि सत्ता गेल्यावर आपल्या मूळ घरी परतले त्यांची. घानाचे कोफी बुसिया हे ऑक्सफर्डचे समाजशास्त्रज्ञ. एंक्रुमांच्या राजवटीत ते देश सोडून हॉलंडमध्ये लायडन येथे शिकवीत होते. १९६९ मध्ये ते पंतप्रधान झाले. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांनी घानाच्या चलनाचे मूल्य एकदम उतरविले. महागाईने लोक हवालदिल झाले, आणि १३ जानेवारी १९७२ रोजी, डोळ्यांच्या उपचारासाठी ते लंडनला असताना, लष्कराने सत्ता काबीज केली. ते पुन्हा ऑक्सफर्डला गेले, आणि १९७८ मध्ये तेथेच वारले. ते राष्ट्रप्रमुख नव्हेत, सरकारचे प्रमुख होते, हा भेद येथे गौण आहे. लायबेरियाचे आमोस सॉयर यांची गोष्ट याहून दारुण. १९८० च्या दशकात मनरोव्हियाच्या विद्यापीठात ते अधिष्ठाता होते; हुकूमशहा सॅम्युएल डो याने त्यांना तुरुंगात टाकले, आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्यांवर २२ ऑगस्ट १९८४ रोजी सैनिक सोडले. आवारात गोळीबार, मारहाण व बलात्कार झाले. यादवी युद्ध पेटल्यावर नोव्हेंबर १९९० पासून मार्च १९९४ पर्यंत सॉयर हंगामी सरकारचे अध्यक्ष होते. पण त्यांचा अंमल राजधानीच्या वेशीबाहेर फारसा चालत नव्हता, आणि तोही पश्चिम आफ्रिकी फौजांच्या बळावर. पुढे चार्ल्स टेलर याच्या राजवटीत, नोव्हेंबर २००० मध्ये, त्यांच्या मनरोव्हियातील संशोधन संस्थेवर हल्ला झाला आणि त्यांनी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाचा आश्रय घेतला, जेथे व्हिन्सेंट व एलिनॉर ऑस्ट्रम या दांपत्याची कार्यशाळा सामान्य माणसे आपला कारभार आपण कसा चालवितात याचा अभ्यास करीत होती. तेथे बसून त्यांनी लायबेरियाच्या विध्वंसाची मीमांसा करणारे पुस्तक लिहिले. शांतता झाल्यावर मायदेशी परतून प्रशासन आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. सॉयर यांना विद्यापीठ हे पेन्शन म्हणून मिळाले नाही. ते त्यांचे पूर्वीचेच काम होते, मधल्या सव्वातीन वर्षांची राजवट हाच खंड.

आता पुन्हा कौंडा यांच्याकडे वळू. तांब्याचा भाव १९७४-७५ मध्ये कोसळला तो वर्षानुवर्षे वर आला नाही. दक्षिणेकडील गोऱ्या ऱ्होडेशियाशी असलेली सरहद्द बंद करण्याचा व मुक्तिसैनिकांना थारा देण्याचा खर्च, त्यांच्या तळांवर पडलेले बाँब, परकी कर्जे, आणि दुकानांत मक्याच्या पिठासाठी लागलेल्या रांगा यांनी सत्तावीस वर्षांची राजवट आतून पोखरून टाकली. १९९० च्या जून महिन्यात पिठाच्या दरवाढीवरून दंगे उसळले, कौंडा यांनी बहुपक्षीय निवडणूक मान्य केली, आणि ३१ ऑक्टोबर १९९१ रोजी कामगारनेते फ्रेडरिक चिलुबा यांनी चारांतील तीन मते घेऊन त्यांचा पराभव केला. त्या पराभवाचा स्वीकार त्यांनी ज्या रीतीने केला ती रीत तोवरच्या आफ्रिकेत विरळाच होती. टोगोचे राष्ट्राध्यक्ष सिल्व्हानस ओलिंपिओ यांचा १९६३ साली खून झाला होता. एंक्रुमा १९७२ मध्ये बुखारेस्टच्या इस्पितळात वारले. मालीचे मोदिबो केइता १९७७ मध्ये बंदिवासातच संपले. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांचा अंत राजवाड्यातील कोठडीत झाला. येथे मात्र सत्ताधीशाने दूरदर्शनवरून निकाल मान्य केला आणि विजेत्याला शासकीय निवासस्थान स्वतः हिंडून दाखविले.

त्याची बक्षिसी त्यांना फार वाईट मिळाली. १९९६ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे दोन्ही मातापितर झांबियाचेच असले पाहिजेत अशी अट आली. न्यासालँडहून आलेल्या पाद्र्याच्या मुलासाठीच ती योजलेली होती हे सांगण्याची गरज कोणालाच भासली नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये काब्वे येथे ते गोळीने जखमी झाले. त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी, बंडाच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून त्यांना पकडून मुकोबेको येथील तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे त्यांनी अन्न वर्ज्य केले, आणि वृद्ध न्येरेरे स्वतः तुरुंगात येऊन त्यांनी आपल्या मित्राचे उपोषण सोडविले. खटला पुढे काढून घेण्यात आला. १९९९ मध्ये एका न्यायालयाने तर त्यांना झांबियाचे नागरिकत्वच नाही असा निर्णय दिला, म्हणजे ज्या राष्ट्राची पहिली पारपत्रे त्यांच्या सरकारने छापली त्या राष्ट्रात ते परके ठरले; सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय वर्षभराने फिरविला. त्याच १९९९ च्या नोव्हेंबरात त्यांचा मुलगा वेझी याचा गोळ्या घालून खून झाला. दुसरा एक मुलगा, मासुझ्यो, १९८६ सालीच एड्सने गेला होता. आणि ज्या काळात त्या रोगाचे नाव घरात कुजबुजूनही घेतले जात नसे, त्या काळात राष्ट्राध्यक्षपदावर असताना कौंडा यांनी मुलाच्या मृत्यूचे कारण पत्रकारांसमोर उघडपणे सांगितले होते.

अशा या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाकडे २००२ साली बोस्टन विद्यापीठाचे निमंत्रण आले. टांझानियात अमेरिकेचे राजदूत राहिलेले, बोस्टनचेच मेथडिस्ट पाद्री चार्ल्स स्टिथ यांनी तेथे आफ्रिकी राष्ट्राध्यक्षांच्या दप्तराचे व संशोधनाचे केंद्र स्थापन केले होते. दार-एस-सलाम येथील अमेरिकी वकिलातीत ऑगस्ट १९९८ चा बाँबस्फोट होऊन गेल्यावर ते राजदूतपदावर रुजू झाले होते. केंद्राची योजना अशी, की लोकशाही मार्गाने अधिकारमुक्त झालेल्या आफ्रिकी राष्ट्रप्रमुखाला काही काळ विद्यापीठाच्या आवारात राहावयास बोलवावे, त्याची व्याख्याने व्हावीत, विद्यार्थ्यांना त्याच्याशी बोलता यावे, आणि त्याच्या कारकिर्दीची कागदपत्रे व आठवणी जतन व्हाव्यात. या पदाला लॉइड बाल्फोर यांचे नाव देण्यात आले. हे गृहस्थ मॅसॅच्युसेट्समधील ॲटलबरो गावी शाळा-महाविद्यालयांच्या पदवीधरांसाठी अंगठ्या घडवून धनाढ्य झाले होते. विद्यार्थ्यांच्या अंगठ्यांतून साचलेल्या संपत्तीवर माजी राष्ट्राध्यक्षांची पहिली निवासव्यवस्था उभी राहिली, हा योगायोग कोणत्याही कादंबरीकाराला सुचला नसता.

कौंडा २००४ पर्यंत तेथे निवासी होते. ते ज्या विद्यापीठात आले होते, तेथेच मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९५५ साली विद्यावाचस्पतीची पदवी मिळविली होती, आणि १९६० साली कौंडा पहिल्यांदा अमेरिकेस गेले तेव्हा त्यांनी अटलांटात किंग यांची भेट घेतली होती. दोघेही गांधींचे शिष्य, एक वसाहतीच्या तुरुंगातून नुकताच सुटलेला. चाळीस वर्षांनी त्यातील हयात उरलेला एक जण दुसऱ्याच्या विद्यापीठात येऊन एड्स, कर्ज व मुक्तिसंग्राम यांविषयी तरुणांशी बोलत होता. यात एक प्रकारचे काव्यगत औचित्य आहे हे मान्य करावयास हवे.

तथापि त्या औचित्याने भारावून जाऊन मूळ प्रश्न दृष्टीआड होऊ देणे इतिहासलेखकाला परवडणारे नाही. बोस्टनच्या विद्यार्थ्याला ज्या माणसाचे चिंतन ऐकावयास मिळाले, त्याच्या हुकुमाने लुसाकाच्या विद्यार्थ्याचे वर्ग दोनदा बंद झाले होते. बोस्टनमध्ये कौंडा पाहुणे होते. पाहुण्याला कोणी १९७१ च्या खुल्या पत्राविषयी खोदून विचारीत नाही. ज्यांना तसे विचारण्याचा खरा अधिकार होता, ते लुसाकाचे जुने विद्यार्थी तोवर पन्नाशी ओलांडून गेले होते, आणि त्यांच्या विद्यापीठापाशी ना असा निवास होता ना त्यासाठी निधी. पुस्तकालयाला नियतकालिके घेण्याचीही ऐपत उरली नव्हती, आणि त्याचे निम्मे कारण कौंडा यांच्याच राजवटीतील आर्थिक पडझड हे होते. या योजनेच्या प्रवर्तकांचा हेतू शंकास्पद होता असे माझे म्हणणे नाही. माजी राष्ट्राध्यक्षाला सन्मानाने जगता येईल असे ठिकाण दिसले तर सत्तेवरील माणसे खुर्चीला चिकटून राहणार नाहीत हा त्यांचा हिशेब व्यवहाराला धरूनच होता. पुढे मो इब्राहिम या सुदानी उद्योगपतीने याच हिशेबाने पन्नास लक्ष डॉलरचे पारितोषिक ठेवले व २००७ साली मोझांबिकचे जोआकिम चिसानो यांस ते प्रथम दिले. सन्मान आणि साक्ष या दोन गोष्टी एकाच पाटावर बसवल्या की साक्ष थोडी सभ्य होते, एवढेच म्हणावयाचे आहे.

कौंडा यांच्यानंतर बोस्टनला लायबेरियाच्या रूथ सँडो पेरी आल्या. आधुनिक आफ्रिकेतील पहिली स्त्री राष्ट्रप्रमुख म्हणून त्यांनी १९९६-९७ मध्ये वर्षभर राज्य परिषदेचे अध्यक्षपद सांभाळले होते, तेही सशस्त्र टोळीनायकांच्या मध्ये बसून. त्यांच्यामागून मॉरिशसचे कार्ल ऑफमन. त्यांचा देश आपल्याला अगदीच परका नाही. गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असलेल्या आणि कोकणातून गेलेल्या मजुरांचे मराठी वंशज ज्याच्या नागरिकांत आहेत अशा त्या बेटावर, दहशतवादविरोधी विधेयकावर सही करण्यास नकार देऊन राष्ट्राध्यक्ष कासम उतीम यांनी फेब्रुवारी २००२ मध्ये राजीनामा दिला, उपाध्यक्षांनीही तीच वाट धरली, आणि सरन्यायाधीशांनी हंगामी अध्यक्ष म्हणून सही केल्यावर ऑफमन यांची निवड झाली. एकोणीस महिन्यांनी, आधी ठरलेल्या राजकीय करारानुसार, त्यांनी अनिरुद्ध जगन्नाथ यांच्यासाठी पद मोकळे केले. अशा माणसाच्या आठवणींत सनसनाटी काही नसेल. पण शांतपणे पदावर येऊन शांतपणे उतरलेल्यांची दप्तरेही कोणी तरी जपली पाहिजेत.

दप्तरांचा विषय निघालाच आहे, तर लुसाकाचे एक दप्तर विसरता येत नाही. १९९१ च्या पराभवानंतर कौंडा यांच्या पक्षाच्या कचेरीतील कागद अनेक वर्षे धूळ खात पडले होते: जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले अहवाल, अर्ज, तक्रारी, मुक्तिचळवळींशी झालेला पत्रव्यवहार. पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने त्यांची छाननी व छायाप्रती झाल्या, आणि आज झांबियाच्या इतिहासाचे तरुण अभ्यासक पक्षाच्या राजवटीचा शोध प्रथम तेथे घेतात. त्या कागदांत विद्यापीठाचे कुलपती काय म्हणाले हे सापडते, आणि त्यांच्या हाताखालच्या जिल्हा सचिवांनी गावोगावी काय केले हेही सापडते. कौंडा जून २०२१ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, लुसाकात वारले. बोस्टनमध्ये त्यांनी सांगितलेले जे काही टिपून ठेवले गेले असेल, ते या कागदांशेजारी ठेवून वाचण्याचे काम आता त्यांच्याच विद्यापीठातील कोणा विद्यार्थ्याच्या वाट्याला आहे.